चौकट रिकामी ठेवण्याची पद्धत

पुस्तक टेबलावर उघडं राहीना. प्लॅनरने ते मधोमध उघडलं, दोन्ही तळव्यांनी दाबलं, हात काढला, आणि पुस्तक त्याच्या डोळ्यांदेखत मिटलं. आधी थोडी पानं उठली, मग बाकीची त्यांच्यामागून, शेवटी कव्हर. त्याने पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचं पुस्तक होतं, जाड कागदाचं, चित्रांचं. समोर उघडं ठेवून दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत, एवढी एकच अट गिऱ्हाइकाने घातली होती. बाइंडिंगचा मुकादम टेबलासमोर उभा होता. "सगळी अशीच आहेत," तो म्हणाला. "मी मुद्दाम तळातलं एक उपसून बघितलं. तेही तसलंच." एवढं बोलून तो थांबला, कारण त्यापुढचं बोलणं त्याच्या खात्यात येत नव्हतं. प्लॅनरने एक पान आधी उभं वाकवलं, मग आडवं वाकवलं. कागदालाही लाकडासारखा धागा असतो, छापखान्यात त्याला ग्रेन म्हणतात. तो पुस्तकाच्या पाठीला धरून गेला तर पान गुमान लोळतं. आडवा गेला तर पान ताठ होतं आणि प्रत्येक घडीशी भांडतं. इथे तो आडवा गेला होता, एका प्रतीत नव्हे, अख्ख्या जॉबमध्ये. हे कळायला प्लॅनरला क्षणही लागला नाही, आणि कळल्याबरोबर त्याच्या मनात जे आलं त्याची त्याला नंतर दिवसभर लाज वाटत राहिली. त्याला वाटलं, आता तरी तो वर येईल.

तो म्हणजे मशीनमन. छापखान्याची इमारत दोन मजल्यांची, खाली मशीन हॉल, वर प्लॅनिंगची खोली, आणि वर येण्याचा रस्ता बाहेरून वेगळा असला तरी मध्ये एक लोखंडी जिना, ज्याच्यावर कुणी पाय ठेवला की पावलागणिक वर ऐकू यायचं. वर कोणता जॉब कसा छापायचा ते ठरायचं, खाली तो छापला जायचा. ठरलेलं सगळं एका जाड पिशवीवरच्या चौकटींत लिहायचं, पिशवी भिंतीतल्या छोट्या टोपलीत ठेवायची आणि दोरी ओढून खाली सोडायची, ही फार वर्षांची रीत. प्लॅनरचं अक्षर शाळेतल्या फळ्यावर शोभेल असं होतं, म्हणून मशीनमन त्याला मास्तर म्हणायचा. एकदा, दोघांचेही केस काळे होते तेव्हा, एका जॉबला शाई किती चढवावी याबद्दल प्लॅनरचं मन ठरेना. खाली जाऊन विचारावं तर हॉलमध्ये आवाज इतका की ओरडून बोलावं लागायचं, आणि सगळ्यांसमोर ओरडून आपलं अज्ञान जाहीर करण्याची त्याला हौस नव्हती. त्याने ती चौकट रिकामी ठेवून पिशवी खाली सोडली. थोड्या वेळाने जिना वाजला. "काय मास्तर, पेनातली शाई संपली का?" असं म्हणत मशीनमन दारात उभा राहिला, खिडकीपाशी स्टूल ओढून बसला, चहा प्यायला आणि जाता जाता आपल्या काळ्या अंगठ्याने पिशवी धरून चौकट स्वतःच भरून गेला. तेव्हापासून पद्धत पडली. रिकामी चौकट म्हणजे वर ये. हे दोघांनी एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. बाकीच्यांना प्लॅनर जरा विसराळू वाटायचा. वाटेना का. पुढे पुढे त्याला शंका नसली तरी तो आठवड्यातून एखादी चौकट सोडून द्यायचा, आणि शंका नाही हे मशीनमनलाही चढता चढता माहीत असायचं. वर येऊन तो काही जगाच्या गोष्टी करायचा नाही. छपाईचा रबर कुठला खराब आला, मुलाने नोकरी कुठे धरली, बायकोचं दुखणं आता गुडघ्यातून कमरेत गेलंय, असलंच. प्लॅनर हूं हूं करायचा. त्याला बोलायचं असायचं तेही तो असा काही चेहरा करून बसायचा की समोरच्याने विचारलंच पाहिजे, आणि मशीनमन विचारायचा. "काय रे, आज गप्पसा?" एवढं म्हटलं की प्लॅनरचा नळ सुटायचा. विचारल्याशिवाय मात्र थेंब नाही. काही माणसांना देवाने तोंड दिलेलं असतं आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवलेली असते.

मग मागच्या वर्षी नवी व्यवस्था आली. छापखान्यात मशीन वेगवेगळ्या कंपन्यांची, कागद कापणारं एकाचं, छापणारं दुसऱ्याचं, घडी घालणारं तिसऱ्याचं, आणि प्रत्येकाची भाषा निराळी. एकाला जे रुंदी म्हणून कळतं ते दुसऱ्याला उंची वाटतं. आता सगळ्यांनी मिळून एकच भाषा ठरवली होती. वरच्या खोलीतल्या पडद्यावर जॉब भरायचा, तो त्या भाषेतल्या फाइलीत बसून आपोआप खाली जाणार, कटर तो वाचणार, मशीन वाचणार, घडीवाला वाचणार, आणि झालेल्या कामाचा निरोपही त्याच वाटेने परत वर येणार. ती बसवायला एक तरुण इंजिनियर बाई आली होती, हुशार आणि गोड बोलणारी. पहिल्या दिवशी सगळ्यांना जमवून तिने समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आता कुणी कुणाला काही विचारायला नको." लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्लॅनरनेही वाजवल्या. खोटं कशाला बोला, त्याला ती व्यवस्था आवडली होती. एका वस्तूला सगळीकडे एकच नाव, जगाच्या पाठीवर कुठल्याही छापखान्यात तेच. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत काही न सांडता जाणारा मजकूर. त्यात एक स्वच्छपणा होता, जो त्याला स्वतःच्या आयुष्यात कधी जमला नव्हता. भिंतीतली टोपली बंद झाली. तिच्यात आता अकाउंट्सची बाई आपला डबा ठेवते.

केबली टाकत होते तेव्हाच मशीनमनची बायको हॉस्पिटलात होती. कमरेतलं दुखणं निघालं भलतंच. व्यवस्था चालू झाली त्याच आठवड्यात ती गेली. प्लॅनर बायकोला घेऊन त्याच्या घरी भेटायला गेला होता, ती दुपार त्याला अजून जशीच्या तशी आठवते. बाहेरच्या खोलीत खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या, मशीनमन मधल्या खुर्चीवर, हात धुऊन पांढरे पडलेले. त्या हातांवर काळं काही नाही हे बघून प्लॅनरला दुसऱ्याच कुणाच्या घरी आल्यासारखं वाटलं होतं. तो शेजारी बसला. त्याच्या पोटात एक वाक्य तयार होतं. वहिनी मला दर वेळी चहात साखर कमी घालायची आणि मी कधी सांगितलं नाही, असं काहीतरी वेडगळ ते वाक्य होतं, पण खरं होतं आणि ते म्हटलं असतं तर पुढचं सगळं आलं असतं. तो मशीनमनकडे बघत राहिला. आता हा विचारेल, काय रे, गप्पसा. मशीनमन पाण्याच्या ग्लासकडे बघत होता. बायका आत बोलत होत्या, आत कुणीतरी रडलंही. बाहेर पंखा फिरत होता. बराच वेळ गेला, मग प्लॅनर उठला, मशीनमनच्या खांद्याला हात लावला आणि चपला घातल्या. परतताना बसमध्ये त्याची बायको खिडकीबाहेर बघत होती. दोन थांबे गेल्यावर म्हणाली, "अहो, तुम्ही एक शब्द तरी बोलायचात." तो म्हणाला, "अशा वेळी काय बोलणार?" ती म्हणाली, "काहीही." आणि पुढे घर येईपर्यंत तीही बोलली नाही.

मशीनमन कामावर रुजू झाला तेव्हा प्लॅनरने पहिल्याच जॉबमध्ये एक चौकट रिकामी ठेवली. साधीच, पॅकिंगचा पुठ्ठा कोणता याची. जिना वाजला नाही. संध्याकाळी पडद्यावर हिरवी खूण आली, जॉब पूर्ण. त्याने चार दिवस जाऊ दिले आणि शिलाईच्या दोऱ्याची चौकट सोडली. हिरवी खूण. मग आणखी एक, मग आणखी. प्रत्येक वेळी तो कान जिन्याकडे लावून बसायचा, पेन्सिलीला टोक करत, फोन आला तर लवकर ठेवत. प्रत्येक वेळी जॉब गुपचूप पुरा होऊन यायचा, जणू काही चौकट कधी रिकामी नव्हतीच. आधी त्याला वाटलं, दुःखात आहे, सावरेल. मग वाटलं, त्या दिवशी आपण बोललो नाही त्याचा राग धरलाय. आणि मग, माणसाचं मन चोर असतं, त्याला स्वतःलाच राग यायला लागला. एवढं काय? मी गेलो होतो की भेटायला. खांद्याला हात लावला होता. मी दार उघडं ठेवतोय, एकदा नाही, अनेकदा, आणि हा गृहस्थ समोरून निघून जातोय. गेटवर दोघं समोरासमोर यायचे, मशीनमन मान हलवायचा, प्लॅनर मान हलवायचा, आणि प्लॅनर मनात म्हणायचा, बघ, आता तुझी पाळी. घरी तो अधिकच गप्प झाला. त्याची बायको पूर्वी ताट वाढताना विचारायची, हे घेणार का, ते घेणार का, आणि तो नुसतं ताटाकडे बघायचा. हल्ली तिने विचारणं सोडून दिलं होतं. ती आपल्या अंदाजाने वाढायची आणि तो आपल्या अंदाजाने जेवायचा, आणि दोघांपैकी कुणाचाही अंदाज चुकलाय असं कुणी म्हणत नव्हतं. अंथरुणावर पडल्यावर त्याच्या छातीत काहीतरी दाबून ठेवल्यासारखं व्हायचं. तो डॉक्टरकडेही जाऊन आला. डॉक्टरने काही होतंय का असं विचारलं तेव्हा मात्र तो विशेष काही नाही म्हणाला, कारण डॉक्टरने ते कागदाकडे बघत विचारलं होतं.

नर्सिंगचं पुस्तक आलं तेव्हा त्याने ग्रेनची चौकट रिकामी ठेवली. विसरला नव्हता. बोट त्या चौकटीवर थांबलं, त्याने ते उचललं आणि पुढच्या चौकटीवर ठेवलं. पुठ्ठ्यावाचून काही अडत नाही, दोऱ्यावाचून अडत नाही, पण ग्रेन लिहिलेला नाही आणि मशीनमन गप्प बसलाय हे होणंच शक्य नव्हतं. कागदावरून हात फिरवून ग्रेन सांगणारा माणूस तो. चिडून का होईना, जिना चढेल. दारात उभा राहून चार शिव्या देईल. चालेल, शिव्या चालतील. एखाद्या मुलाने आई बघेना म्हणून काचेचा ग्लास टेबलाच्या कडेला सरकवावा, तसा तो प्रकार होता, आणि करणारा माणूस निवृत्तीला आला होता. जॉब गेला, कागद कापला गेला, मशीन चाललं, घड्या पडल्या, शिलाई झाली. आठवडाभर प्लॅनर जिन्याकडे कान लावून बसला. आणि आज मुकादमाने पुस्तक आणून टेबलावर ठेवलं.

मॅनेजरच्या खोलीत इंजिनियर बाई आधीच येऊन बसली होती. तिच्या मांडीवर लॅपटॉप, मॅनेजरसमोर ते पुस्तक, त्याच्यावर पेपरवेट ठेवलेला, तरी कव्हर एका बाजूने उचललेलंच. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, त्याला दुपारच्या आत गिऱ्हाइकाला काहीतरी सांगायचं होतं, एवढंच. बाईने प्लॅनरला खुर्ची दिली आणि हळू आवाजात, शिक्षक पालकांशी बोलतात तशी, बोलायला लागली. "सर, तुमच्याकडून ग्रेन भरलेला नाही. पण रिकामं असं काही खाली जातच नाही. तुम्ही काही लिहिलं नाही तर या भाषेत त्याचं एक ठरलेलं उत्तर असतं. ग्रेनसाठी ते कागदाच्या लांब बाजूने असं आहे, या पुस्तकाला तो आखूड बाजूने हवा होता. ते आपोआप जाऊन बसतं. कटरनेही तेच वाचलं, मशीननेही तेच." प्लॅनरने विचारलं, "म्हणजे खाली ती चौकट रिकामी दिसत नाही?" "नाही सर. तिथे भरलेलीच दिसते." "नेहमी?" "नेहमीच." "पहिल्या दिवसापासून?" बाईने त्याच्याकडे जरा नवलाने बघितलं. "हो सर."

आणि त्या खोलीत, त्या वाया गेलेल्या पुस्तकासमोर, प्लॅनरला आनंद झाला. इतका की त्याला खुर्चीचे हात धरावे लागले. त्याला दिसलंच नव्हतं. पुठ्ठा दिसला नाही, दोरा दिसला नाही, एकही हाक त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. प्लॅनर वरून दोरी ओढत होता आणि खाली टोपलीच जात नव्हती. राग नव्हता, काहीच नव्हतं. उलट त्या बिचाऱ्याला काय वाटलं असेल? त्याच्या पडद्यावर सगळं भरलेलं, चोख, एकही जागा सुटलेली नाही. त्याला वाटलं असेल, मास्तरला आता आपली गरज उरली नाही, आणि तेही नेमकं बायको गेल्यावर. प्लॅनरच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅनेजर काहीतरी बोलत होता. "…राहून गेलं का तुमच्याकडून?" असं त्याने विचारलं होतं. प्लॅनरने मान वर केली. नाही, राहून गेलं नाही, मी मुद्दाम ठेवलं, दोष माझा आहे, त्या माणसाचा नाही. वाक्य अगदी ओठापाशी होतं. त्याने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर अजून एकदा विचारेल, जरा नीट, जरा त्याच्याकडे बघून विचारेल, अशी त्याला खात्री होती. मॅनेजरने क्षणभर वाट बघितली आणि बाईकडे वळला. "मग मान्य कुणी केलं?" "मशीनवरून मान्य झालंय सर. शेवटचं बटण तिथेच असतं. छापण्याआधी कागद तपासायचा असतो." "मग झालं," मॅनेजर म्हणाला. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "मला वाईट वाटतं, पण बायको गेल्यापासून त्याचं लक्षच नाहीये कामात. सगळेच म्हणतात. मी आजच बोलतो त्याच्याशी. उद्यापासून नको येऊ म्हणावं, काय असेल तो हिशेब घरी पाठवू." प्लॅनर तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. दारातून बाहेर पडताना तो स्वतःला समजावत होता की हे असंच बरं, आधी त्याला भेटू, त्याला सगळं सांगू, आणि मग दोघं मिळून मॅनेजरकडे येऊ. हा विचार त्याला इतका पटला की तो आपण आत्ताच केलेला आहे हे तो विसरला.

दुपार त्याने आपल्या टेबलाशी काढली. खाली जायचं हे ठरलेलं होतं, फक्त कधी ते ठरत नव्हतं. मशीन चालू असताना बोलणं ऐकू येणार नाही. जेवणाच्या सुट्टीत चार लोक असतील. त्याने मनाशी सुरुवात जुळवून बघितली, अरे, गंमत ऐक, पण त्यात गंमत कसली? अरे, गैरसमज झाला. हे बरं होतं. गैरसमज झाला म्हटलं की दोघांच्याही अंगावरून उतरतं, कुणाचाच दोष राहत नाही, तो एक त्रयस्थ येऊन मध्ये बसला होता आणि आता उठून गेला. त्याने बायकोला फोन लावला. का लावला ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिला त्याने सगळं सांगितलं, म्हणजे तिने "काय झालं?" विचारल्यावर सांगितलं. ती ऐकत होती, मागे कुकरची शिट्टी झाली. "मग जा ना खाली," ती म्हणाली. "जाणारच आहे." "आत्ता जा. अहो, मला कशाला फोन करताय, मी काय त्या मशीनवर आहे?" "पाळी सुटली की जातो, जरा शांतता असते." तिकडे तिने कुकर उतरवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ठेवते," आणि ठेवला. त्याला तिचा रागही आला आणि फोनचा रिसीव्हर हातात तसाच धरून बसावंसंही वाटलं. खिडकीपाशी स्टूल होतं, त्याच्यावर आता जुन्या नमुन्यांचे गठ्ठे रचलेले होते. त्याने ते उचलून जमिनीवर ठेवले. मशीनमन वर आला तर बसायला जागा हवी, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि आज खाली आपण जायचंय हे आठवून तो जरासा चपापला.

मशीन थांबलं तसा खालचा आवाज पायाखालून निघून गेला. लोकांच्या हात धुण्याचे, लॉकर उघडण्याचे आवाज आले, गेले. मग तो उठला. जिना त्याला वाटला त्यापेक्षा अरुंद होता. कठडा मधल्या भागात हाताने घासून गुळगुळीत झालेला होता, वर आणि खाली तेवढा नव्हता. इथे कुणीतरी दम खायला थांबत असावं. प्लॅनरचं पाऊल दर पायरीवर वाजत होतं आणि ते ऐकून त्याला उगाच ओशाळल्यासारखं झालं. हॉल आठवणीतल्यापेक्षा मोठा होता. शाईचा आणि रॉकेलचा वास, जमिनीवर कागदाच्या कातरणी, मशीनच्या टोकाला उंच टेबलावर तो पडदा, आणि त्याच्याखाली मशीनमन रोलर पुसत उभा. पुसायची गरज नव्हती, रोलर स्वच्छ होता. तो वाकलेला होता, आणि मागून त्याची मान प्लॅनरला एखाद्या म्हाताऱ्याची वाटली.

"आलास," मशीनमन मागे न बघता म्हणाला.

"तुला कळलं का?"

"कळलं. साहेब आले होते सांगायला. खाली आले होते स्वतः." त्याने फडक्याची दुसरी बाजू केली. "चांगलं बोलले."

"अरे, ऐक तर," प्लॅनर म्हणाला, आणि मग त्याने जे दुपारभर जुळवलं होतं ते एका दमात सांगून टाकलं. रिकामं असं काही जातच नाही. त्याचं ठरलेलं उत्तर आपोआप बसतं. तुला ते भरलेलं दिसलं असणार. मी किती वेळा चौकट सोडली, पुठ्ठ्याची, दोऱ्याची, तुला वाटलं असेल हा आता विचारत नाही, मला वाटलं तू मुद्दाम येत नाहीस, आणि मुळात तसं काही नव्हतंच, दोघांचाही दोष नाही, ही सगळी त्या व्यवस्थेची भानगड. बोलता बोलता त्याचा आवाज चढला होता, हॉल शांत होता तरी. आपण हसतोय हे त्याला कळलं.

मशीनमनने फडकं घडी करून मशीनवर ठेवलं. "फिकट येतं," तो म्हणाला.

"काय?"

"तू भरलेलं ठळक अक्षरात येतं. तू सोडलेलं फिकट. मी रुजू झालो त्याच दिवशी शिकवलं मला त्या बाईंनी. फिकट दिसलं की समजायचं, वरून कुणी काही म्हटलेलं नाही."

प्लॅनरने पडद्याकडे बघितलं. पडदा बंद होता. "म्हणजे पुठ्ठ्याच्या वेळी…"

"दिसलं होतं."

"आणि दोरा?"

"तोही दिसला. सगळेच दिसले."

"मग आला का नाहीस?"

मशीनमनने या प्रश्नावर खरोखर विचार केला. तो रागावलेला नव्हता, आणि तेच प्लॅनरला सोसेना. "पहिल्या वेळी आलो होतो," तो म्हणाला. "अर्ध्या जिन्यापर्यंत. मग वाटलं, इतकी वर्षं मीच चढतोय. तुला काही हवं असलं की मी चढायचं, तुझं मन ठीक नसलं की मी चढून विचारायचं. असू दे, त्याचं काही नाही, मला आवडायचं ते. पण ती गेली तेव्हा तू घरी आलास आणि माझ्याच तोंडाकडे बघत बसलास. कधी मी तुला विचारतो म्हणून. मी काय विचारायला हवं होतं रे तुला? माझी बायको गेली का, असं?"

वर कुठेतरी पाइपात पाणी खळखळलं. "आणि ग्रेन?" प्लॅनरने विचारलं, कारण तेवढंच विचारता येण्यासारखं होतं. "कागद हातात आल्यावर तरी…"

"कागद हातात आल्याआल्या कळलं."

"मग थांबवलं का नाहीस?"

"वाटलं, एवढ्यावर तरी येशील. मशीन हळू लावलं मी. पहिले कागद निघाले ते बाजूला काढून ठेवले तुला दाखवायला. जिन्याकडे बघत होतो. मग संध्याकाळ झाली, मग चालूच राहिलं." त्याने कामाचा सदरा काढून खुंटीवर टांगला, मग उद्या तो तिथे नको हे लक्षात येऊन परत काढला आणि पिशवीत कोंबला. "माझंच चुकलं. त्या पोरींच्या पुस्तकाचा काय दोष होता. साहेबांना मी तसं सांगितलंय, बटण मीच दाबलं."

प्लॅनरच्या तोंडाशी आता दोन वाक्यं होती. एक, मी वर जातो आणि मॅनेजरला सांगतो की चौकट मी मुद्दाम सोडली. दुसरं, ती गेली त्याचं मला फार वाईट वाटलं. दोन्ही लहान होती, लहान मुलालाही म्हणता आली असती. मशीनमन स्वच्छ शर्टाची बटणं लावत होता. तो ती गरजेपेक्षा हळू लावत होता, हे प्लॅनरला दिसलं. एक बटण लावून तो थांबला, प्लॅनरकडे त्याने बघितलं, मग दुसरं लावलं. आता हा म्हणेल, काय रे, गप्पसा, आणि मी सगळं बोलून टाकीन, प्लॅनरला वाटलं. आजवर कधी बोललो नाही इतकं बोलेन, रडेनसुद्धा. शेवटचं बटण लागलं. मशीनमनने पिशवी उचलली, मशीनच्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि विचारलं, "हेच सांगायला आला होतास?"

"हो," प्लॅनर म्हणाला.

"बरं," मशीनमन म्हणाला आणि चालायला लागला. हॉल लांब होता, दरवाजा दुसऱ्या टोकाला. प्लॅनर जागचा हलला नाही. पाठमोरा माणूस कागदाच्या गठ्ठ्यांमधून लहान लहान होत गेला, दरवाजा उघडला, बाहेरचा उजेड आत आला आणि गेला. प्लॅनर त्यानंतरही बराच वेळ तिथे उभा होता, तो परत येऊन आणखी एकदा विचारेल म्हणून.